थेट फोन-इन दहा वाजता आणि निवेदकाचा पत्ता नाही: स्टुडिओत नेमकं काय करायचं?

कृष्णाकाठ

सामुदायिक रेडिओसाठी धागा काढतोय, पण आकाशवाणी, खाजगी एफएम, परदेशातली टॉक रेडिओ केंद्रं, कुठलीही माहिती चालेल.

रचना अशी धरा: १०० वॅटच्या मर्यादेतलं केंद्र, रोज सकाळी १० ते ११ थेट बोलण्याचा कार्यक्रम. कधी शेती, कधी आरोग्य, कधी सरकारी योजना. एक निवेदक, मिक्सरवर एक तंत्रज्ञ, फोन घ्यायला एखादा स्वयंसेवक. पाहुणे तज्ज्ञ स्टुडिओत किंवा फोनवर. आता निवेदक पावणेदहापर्यंत आलेला नाही, फोन लागत नाही. गाण्यांचं केंद्र असतं तर प्लेलिस्ट पुढे ढकलली आणि सुटलो. इथे लोक फोन हातात घेऊन बसलेत.

यंत्रं, माणसं आणि मजकूर या तिन्ही अंगांनी लिहा. किस्से नकोत, पद्धत हवी.

ड्युटीरूम

सुरुवात माणसांपासून करतो. निवेदकाला शोधायचं काम एकाकडे द्या आणि कार्यक्रम उभा करायचं काम दुसऱ्याकडे. एकच माणूस दोन्ही करायला गेला की तो ९:५८ पर्यंत फोनच लावत बसतो.

वेळा आधी ठरवून भिंतीवर लावा. १० च्या कार्यक्रमासाठी निवेदक ९:३० ला स्टुडिओत. ९:३० ला नाही तर एक फोन, एक मेसेज. ९:४० ला उत्तर नाही तर बदली निवेदकाला निरोप, आणि हा निरोप द्यायला कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. ९:५० ला अंतिम निर्णय. त्यानंतर मूळ निवेदक ९:५७ ला धापा टाकत आला तरी पहिला भाग बदली निवेदकाचाच. आलेल्याने बसावं, पाणी प्यावं, पाहुण्याचं नाव आणि विषय वाचावा आणि पहिल्या ब्रेकनंतर माइक घ्यावा. शेवटच्या तीन मिनिटांत खुर्ची बदलली की हमखास चुकीचा माइक उघडतो.

आधीच्या कार्यक्रमाचा निवेदक केंद्रावर असेल तर पुढचा माणूस बूथमध्ये येईपर्यंत त्याने जागा सोडू नये. आकाशवाणीत सभा (प्रसारणाची पाळी) चालू असताना ड्युटी ऑफिसर वेगळा बसून ऐकत असतो, म्हणून बूथमधली गडबड बाहेर कोणाला तरी कळते. छोट्या केंद्रावर ड्युटी ऑफिसर परवडत नाही. मग निदान तंत्रज्ञाला 'निर्णय तुझा' असं लेखी देऊन ठेवा.

बदली निवेदकांची यादी दोन नावांची असली तरी पुरते, पण ती वारानुसार हवी. मंगळवारी कोण मोकळं असतं हे मंगळवारी सकाळी शोधायचं नाही. आणि यादीतला माणूस पंधरा मिनिटांत पोचू शकेल असा हवा. आवाज कितीही गोड असला तरी तीस किलोमीटरवरचा माणूस या कामाचा नाही.

बाणगंगा

ड्युटीरूमशी सहमत. फिलरबद्दल, म्हणजे रिकामी वेळ भरायला तयार ठेवलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल, मी लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे असतो.

'तयार कार्यक्रम' म्हणून एक तासाची एक फाइल ठेवलेली असते. ती लावली आणि दहा मिनिटांत निवेदक आला, तर कापायची कुठे? म्हणून एकसंध फाइल नको. १२-१४ मिनिटांचे चार तुकडे करा, प्रत्येकाला आपली सुरुवात आणि आपला शेवट असू दे. मध्ये जाहिराती, केंद्राची ओळख. कुठल्याही तुकड्यानंतर थेट कार्यक्रमाला येता येतं. शिवाय ३ मिनिटांचे पाच-सहा आणि ६ मिनिटांचे दोन-तीन तुकडे वेगळे ठेवा. बदली निवेदकाला कागद वाचायला तेवढी उसंत मिळते.

या तुकड्यांत 'आज', 'काल', 'येत्या सोमवारी' नको. बाजारभाव नको, हवामान नको, अर्जाची शेवटची तारीख तर अजिबात नको. शेतीच्या बाबतीत हंगामसुद्धा बघायचा. जुलैत हरभऱ्याच्या पेरणीचा सल्ला लागला तर ऐकणारा हसतो. औषध फवारणीचा जुना सल्ला तर धोक्याचा, कारण मधल्या काळात ते औषध बंद झालेलं असू शकतं. म्हणून फाइलच्या नावातच 'अमुक महिन्यापर्यंत' असं लिहा आणि दर तीन महिन्यांनी यादी चाळा.

फोन-इनचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावायचं असेल तर फोन नंबर जिथे जिथे सांगितलाय ती वाक्यं कापा. नाहीतर ध्वनिमुद्रित कार्यक्रमावर लोक फोन करत राहतात, कोणी उचलत नाही आणि राग केंद्रावर निघतो. फोन करणाऱ्याचं गाव, नाव, आजार असं काही आलं असेल तर तो कॉल पुन्हा वापरूच नका. त्याने एकदा थेट बोलायला होकार दिला होता, वर्षभर वाजवायला नाही.

कृष्णाकाठ

फिलर संपेपर्यंत बदली माणूस काय बोलणार? पाहुणा आलाय, पण विषय निवेदकाच्या डोक्यात.

बाणगंगा

एका पानाचा कागद. प्रत्येक कार्यक्रमाचा निवेदकाने आदल्या संध्याकाळी भरून स्टुडिओतल्या क्लिपबोर्डला लावायचा. त्यात असावं: पाहुण्याचं पूर्ण नाव जसं उच्चारायचं तसं, हुद्दा, फोन नंबर, विचारायचे आठ प्रश्न, प्रायोजकाचा मजकूर शब्दशः, कोणत्या मिनिटाला ब्रेक, आकाशवाणीच्या बातम्या घेत असाल तर ती वेळ. प्रश्न आठच का, तर फोन लागले नाहीत तरी आठ प्रश्नांवर अर्धा तास निघतो.

आणि एक वाक्य ठळक अक्षरांत: वर्तमानपत्र वाचून दाखवायचं नाही. गांगरलेला बदली निवेदक हाताशी असलेला पेपर उघडतो आणि मथळे वाचायला लागतो. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून, एवढीच मुभा आहे. हवामान, वाहतूक, परीक्षा-प्रवेशाच्या सूचना, वीज-पाण्याची माहिती, स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम हे बातमीत धरत नाहीत. वेळ काढायला तेवढं पुष्कळ आहे.

गणपतीपुळे_९०

जाहिरातींचं काय? फिलर लावला की ठरलेल्या जाहिराती बुडतात, मग त्या दुसऱ्या तासात कोंबतात.

बाणगंगा

कोंबायला मर्यादा आहे. सामुदायिक रेडिओला तासाला १२ मिनिटं, २०२४ च्या आधी ७ होती. बुडालेल्या जाहिराती त्याच दिवशी पुढच्या तासात घुसवण्याआधी त्या तासाची बेरीज करा. बसत नसतील तर प्रायोजकाला सांगून दुसऱ्या दिवशी. निवेदकाच्या तोंडून वाचायची जाहिरात असेल तर तिची ध्वनिमुद्रित आवृत्ती आधीच करून ठेवा. बदली माणसाने तिसऱ्याच उच्चारात दुकानाचं नाव घेतलं की प्रायोजक पैसे अडवतो, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही.

सायलेन्स_सेन्सर

आता यंत्रं. निवेदक न येण्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे निवेदक आहे पण बोलत नाही. चक्कर आली, बाहेर गेला आणि दार लागलं, किंवा घरून बोलतोय आणि लाइन तुटली. तिथे पहिला अर्धा मिनिट यंत्रानेच सांभाळायचा असतो.

सायलेन्स डिटेक्टर म्हणजे प्रसारणात शांतता पडली की ओळखणारं यंत्र. ते लावताना हे आकडे धरा. पातळी (जिच्या खालचा आवाज शांतता धरायचा) उणे ४० डीबीएफएसच्या आसपास; डीबीएफएस म्हणजे डिजिटल मीटरवरच्या कमाल पातळीपासून खाली मोजलेले डेसिबल. वेळ: गाण्यांच्या केंद्राला ८-१० सेकंद चालतात, बोलण्याच्या केंद्राला तेवढ्यात खोटा गजर होतो. डॉक्टर रिपोर्ट वाचताना किंवा फोनवरची आजी आठवताना सहा-सात सेकंद सहज जातात. म्हणून दोन टप्पे: १० सेकंदांना स्टुडिओत आणि तंत्रज्ञाच्या टेबलावर लाल दिवा, २० सेकंदांना बॅकअप प्लेअर सुरू.

लोक नेमकं इथे चुकतात: डिटेक्टर प्रोसेसरच्या (प्रसारणाआधी आवाज एकसारखा करणाऱ्या यंत्राच्या) नंतर जोडतात. प्रोसेसरमधलं एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारा भाग) शांततेत गेन वर ओढतं, पंख्याचा आवाज, एसीची घरघर, फोन लाइनची सरसर सगळं वर येतं आणि डिटेक्टरला वाटतं आवाज चालू आहे. मिक्सरच्या प्रोग्रॅम आउटपुटवरून, प्रोसेसरच्या आधी जोडा. डावा आणि उजवा चॅनल वेगळे तपासा. खोलीत पंखा चालू ठेवून, माइक उघडा ठेवून, कोणी न बोलता मीटर वाचा. तो उणे ४२ दाखवत असेल तर उणे ४० चा डिटेक्टर काठावर आहे. पातळी उणे ३५ करा किंवा पंखा हलवा.

दुसरी चूक परतीची. आवाज आल्याबरोबर बॅकअप बंद होऊन स्टुडिओ पुन्हा हवेत, म्हणजे प्रसारणात, जाईल असं सेटिंग बऱ्याच यंत्रांत असतं. मग बॅकअपवर मुलाखत चालू असते, स्टुडिओत कोणीतरी उघड्या माइकसमोर खोकतं किंवा 'अरे हे काय झालं' म्हणतं आणि तेवढंच हवेत जातं. बोलण्याच्या केंद्रावर परत येणं हाताने ठेवा, बटण दाबल्याशिवाय नाही.

बॅकअप प्लेअर रोजच्या प्लेआउट संगणकावर (ज्यावरून कार्यक्रम वाजतात त्यावर) नको. वेगळं यंत्र, साधा पेनड्राइव्ह प्लेअरही चालतो, त्याच यूपीएसवर पण वेगळ्या सॉकेटला. त्यात बाणगंगा म्हणतात ते तुकडे, सुरुवातीला ३० सेकंदांची सूचना: 'तांत्रिक कारणामुळे थेट कार्यक्रमात खंड पडला आहे.' कारण त्या क्षणी खरं कारण कोणालाच माहीत नसतं.

आणि डिटेक्टरला फक्त शांतता कळते. फोन कटल्यावरचा टूं-टूं आवाज तासभर हवेत गेला तरी त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. केंद्राचं प्रसारण घरी किंवा ऑफिसात सतत ऐकणारा एक कान लागतोच.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतल्या टॉक रेडिओचं थोडं लिहितो, कारण तिथे सगळा धंदा एका माणसाच्या आवाजावर उभा असतो.

सगळ्यात मोठं उदाहरण रश लिम्बॉ. दुपारी १२ ते ३, ६०० हून जास्त केंद्रांवर एकाच वेळी. त्याची राजकीय बाजू इथे सोडून देऊ. ऑक्टोबर २००३ मध्ये तो वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर उपचारासाठी अचानक गेला आणि १७ नोव्हेंबरला परतला. पाच आठवडे पाहुण्या निवेदकांनी चालवले. हे शक्य झालं कारण पाहुणे निवेदक त्याच्या सुट्ट्यांमध्ये आधीपासून बसत होते. श्रोत्यांना आवाज ओळखीचे, कॉल स्क्रीनर (फोन आधी घेऊन निवडणारा) तोच, ब्रेकचं वेळापत्रक तेच. म्हणजे बदली माणूस आणीबाणीत पहिल्यांदा ऐकू येता कामा नये. महिन्यातून एकदा साध्या दिवशी त्याला बसवा.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचं जाहीर केलं. पुढचं वर्षभर गैरहजेरी आणि हजेरी आलटून पालटून. शेवटचा कार्यक्रम २ फेब्रुवारी २०२१, १७ फेब्रुवारीला त्याच्या पत्नीने त्याच्याच कार्यक्रमाच्या सुरुवातीला निधनाची बातमी सांगितली. त्यानंतर चार महिने जुने ध्वनिमुद्रित तुकडे आणि त्यांना जोडणारे निवेदक अशी रचना चालली, आणि २१ जून २०२१ ला क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन ही जोडी त्या वेळेवर आली.

रात्रीच्या 'कोस्ट टू कोस्ट' कार्यक्रमाचा आर्ट बेल त्याहून अवघड. ऑक्टोबर १९९८ मध्ये हवेतच 'आता थांबतो' म्हणाला, दोनेक आठवड्यांत परत आला. नंतरही असं जाणं-येणं होत राहिलं. शेवटी २००३ च्या सुरुवातीला ती खुर्ची जॉर्ज नूरीकडे गेली, जो आधी बदली निवेदक म्हणून बसत होता.

गणपतीपुळे_९०

तिथे पैसा आहे, तज्ज्ञ पाहुणे निवेदक मिळतात. आमच्याकडे तास वाचवायचा तर जुना चांगला कार्यक्रम लावणं हाच व्यवहार्य मार्ग. एवढा घोळ कशाला?

न्यूजर्सीकर

एका दिवसापुरतं ठीक. पण फोन-इनचा श्रोता फोन लावायला आलेला असतो. ध्वनिमुद्रणात त्याला जागा नाही. सलग तीन दिवस जुनं लावलं तर तो चौथ्या दिवशी रेडिओ लावत नाही. कमी कसलेल्या निवेदकाचा थेट कार्यक्रम हा कसलेल्या निवेदकाच्या जुन्या कार्यक्रमापेक्षा बरा, असं माझं मत. अपवाद आरोग्याचा. तिथे बदली निवेदक डॉक्टरला अडवू शकत नसेल तर ध्वनिमुद्रित लावा.

ड्युटीरूम

दोन्ही मिळून करता येतं, आणि बीबीसीला ते करावं लागलं. ११ मार्च २०२३, शनिवार. गॅरी लिनेकरला टीव्हीवरच्या फुटबॉलच्या कार्यक्रमातून बाजूला केल्याच्या निषेधात बरेच निवेदक कामावर आले नाहीत. रेडिओ ५ लाइव्हवर 'फायटिंग टॉक' रद्द झाला, दुपारच्या क्रीडा कार्यक्रमाच्या जागी ध्वनिमुद्रित पॉडकास्ट वाजले. पण सामन्याचं थेट समालोचन झालं. जिथे थेटपणाशिवाय अर्थच नाही तेवढं वाचवलं, बाकी डब्यातलं काढलं. एक निवेदक नसणं आणि एकदम सगळेच नसणं यांच्यासाठी योजना वेगळी हवी, हेही त्यातून दिसतं. तुमच्या बदली यादीतले दोघंही त्याच लग्नाला गेलेले असू शकतात.

कृष्णाकाठ

बदली निवेदक केंद्रावर पोचू शकत नाही, पण घरून फोनवर बोलू शकतो, असं झालं तर? स्टुडिओत फक्त तंत्रज्ञ.

सायलेन्स_सेन्सर

जमतं, पण मिक्स-मायनस नीट हवं. घरी बसलेल्या निवेदकाला सगळं ऐकू गेलं पाहिजे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज परत जायला नको. छोट्या मिक्सरवर ऑक्स १ (वेगळा मिक्स बाहेर पाठवायची वाट) प्री-फेडर करा, म्हणजे फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली असला तरी त्यात आवाज जातो, सगळ्या चॅनलचा ऑक्स १ उघडा, निवेदकाचा फोन ज्या चॅनलवर आहे त्याचा शून्यावर. ऑक्स १ चं आउटपुट त्या फोनला. ऑक्स पोस्ट-फेडर राहिला तर फेडर खाली असताना तुम्ही त्याला 'आता दहा सेकंद' असं सांगू शकत नाही.

मिक्सरचं लाइन लेव्हल सरळ मोबाइलच्या माइक इनपुटला दिलं की आवाज फाटतो. मध्ये ३५-४० डेसिबल कमी करणारं अ‍ॅटेन्युएटर टाका किंवा त्यासाठीच मिळणारा इंटरफेस घ्या.

आता फोन करणारा श्रोता. त्याला निवेदक ऐकू गेला पाहिजे, म्हणजे दुसरा ऑक्स, दुसरं मिक्स-मायनस. मिक्सरला एकच प्री-फेडर ऑक्स असेल तर स्वस्त उपाय: एकाच फोनवर निवेदक आणि श्रोत्याचा कॉन्फरन्स कॉल. दोघं एकमेकांना आपोआप ऐकतात, तुम्हाला एकच चॅनल सांभाळायचा. तोटा असा की दोघं एकाच फेडरवर येतात. श्रोता काही वाह्यात बोलला तर निवेदकासकट खाली घ्यावं लागतं. म्हणून श्रोत्याचा फोन सरळ हवेत न घेता स्वयंसेवकाने नाव, गाव, प्रश्न लिहून घ्यावा आणि केंद्राने उलट फोन करावा.

डिले यंत्र (थेट आवाज काही सेकंद उशिरा हवेत सोडणारं) असलेल्या केंद्रांसाठी एक सूचना. ७-८ सेकंदांचा डिले चालू असताना बदली निवेदकाने घरी रेडिओ लावून स्वतःला ऐकलं तर जीभ अडखळतेच. त्याला हेडफोनमध्ये मिक्सरचा आवाज द्या, हवेतला नाही. वाह्यात कॉलला डंप बटण (ते बोलणं हवेत जायच्या आधी टाकून देणारं) दाबलं की साठवलेले सेकंद जातात आणि डिले पुन्हा भरायला वेळ लागतो. नवखा माणूस लागोपाठ दोनदा दाबतो आणि दुसऱ्या वेळी संरक्षण शिल्लकच नसतं.

बाणगंगा

एक बिनतांत्रिक पण रोजचा प्रश्न: कार्यक्रमाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर निवेदकाच्या खाजगी सिमवर असतो. निवेदक नाही म्हणजे श्रोत्यांचे निरोपही नाहीत. सिम संस्थेच्या नावावर घ्या, ते स्टुडिओतल्या फोनमध्येच राहू द्या. निवेदकाला घरून बघायचं असेल तर लिंक्ड डिव्हाइस म्हणून जोडा, चार उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर ती सुटतात, म्हणून मुख्य फोन कपाटात टाकून विसरू नका. टू-स्टेप पिन बंद पाकिटात कार्यक्रमप्रमुखाकडे. प्लेआउट संगणकाचा पासवर्डही त्याच पाकिटात. निवेदकाच्या लॉगिनखाली फिलर ठेवलेत आणि संगणक लॉक आहे, ही अवस्था ९:५५ ला कोणालाच नको.

आणि हवेत काय सांगायचं? 'आज अमुक नाहीत, मी तमुक, विषय तोच, पाहुणे तेच.' सुरुवातीला एकदा, साडेदहाला एकदा. आजारपण, अपघात, घरची अडचण यातलं काही नाही. 'उद्या नक्की भेटतील' हेही नाही. गावात रेडिओवरची अर्धी माहिती घरच्यांच्या आधी पोचते.

सह्याद्री_वारा

हे शेवटचं गांभीर्याने घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या सफोकच्या जेनएक्स रेडिओवर सकाळचा कार्यक्रम घरून करणारे टिम गॉफ कार्यक्रम चालू असतानाच वारले. गाणं मध्येच थांबलं, काही मिनिटांनी संगीत पुन्हा सुरू झालं. घरून किंवा एकट्याने प्रसारण करणाऱ्याच्या बाबतीत हवा सावरणं यंत्रावर सोडा. तंत्रज्ञाने पहिला फोन त्या माणसाला आणि लगेच दुसरा त्याच्या घरातल्या किंवा शेजारच्या व्यक्तीला लावावा. तो दुसरा नंबर कागदावर हवा, त्याच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही.

गणपतीपुळे_९०

पटलं. अजून एक: अशा गडबडीच्या दिवशी ध्वनिमुद्रण करायचं राहतं. तीन महिने कार्यक्रम जपून ठेवायची अट आहे ना?

ड्युटीरूम

आहे. म्हणून लॉगर (प्रसारण नोंदवून ठेवणारा रेकॉर्डर) माणसाच्या बटणावर नको, तासातासाच्या फाइल्स आपोआप करणारा हवा. ६४ केबीपीएस मोनोला तासाला साधारण २९ एमबी लागतात, चोवीस तासांच्या हिशेबाने तीन महिन्यांचं सगळं ६५ जीबीच्या आत बसतं. इनपुट मिक्सरमधून न घेता रेडिओ रिसीव्हरवरून घ्या, म्हणजे जे खरंच हवेत गेलं तेच राहील, बॅकअप प्लेअरवरचंसुद्धा. गैरहजेरीच्या दिवशी किती वाजता काय लागलं ते वहीतही लिहा, प्रायोजकाशी हिशेब करताना ती वही लागते.

कृष्णाकाठ

सायलेन्स डिटेक्टरची चाचणी किती दिवसांनी? आणि प्रसारण चालू असताना कशी करायची?

सायलेन्स_सेन्सर

महिन्यातून एकदा, प्रसारण संपल्यावर, ट्रान्समीटर बंद करून किंवा डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा, प्रसारण न होऊ देणारा भार). तीन चाचण्या करा. एक, सगळे फेडर खाली. दोन, माइक उघडा, पंखा चालू, खोलीत कोणी नाही. तीन, फोन चॅनल उघडा आणि समोरचा कॉल कट केलेला. पहिली सगळ्यांचीच पास होते. दुसऱ्या आणि तिसऱ्यात नापास झालात तर आकडे इथे टाका: मीटरवर किती दिसतं, डिटेक्टर कुठे जोडलाय, किती सेकंद ठेवलेत. बघून सांगतो.